हिंगाच्या डबीतला गहू

टोमॅटोचं सार पिऊन कुणाचं पोट बिघडल्याचं तुम्ही ऐकलंय? मीही कधी ऐकलं नव्हतं. आमच्याकडे आजारी माणसाचं पथ्य म्हणजेच सार-भात. ताप आला, सार-भात. पोट बिघडलं, सार-भात. परीक्षेच्या भीतीनं पोरांच्या घशाखाली घास उतरेना, तरी सार-भातच! त्यामुळे २०२४ च्या मे महिन्यात माझी भाची तिच्या सात वर्षांच्या लेकीला घेऊन महिनाभर राहायला आली, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "तू अजिबात काळजी करू नकोस. पोळी नाही ना द्यायची? मग सार आहे, आमटी आहे, कढी आहे, भाकरी तर रोजचीच. पोरगी उपाशी राहायची नाही माझ्या घरात."

भाची कसनुसं हसली. म्हणाली, "मावशी, पोळीचं सोपं असतं गं. पोळी दिसते तरी."

तिच्या बोलण्याचा अर्थ मला चार दिवसांनी कळला.

नातीला सिलिॲक नावाचा आजार आहे, हे आदल्या हिवाळ्यात निदान झालं होतं. त्याआधीची दोन वर्षं नुसती धावपळ. पोरीची उंची वाढेना, हातपाय काड्यांसारखे आणि पोट मात्र फुगलेलं. जंताचं औषध झालं, टॉनिकच्या बाटल्या झाल्या, लोहाच्या गोळ्या झाल्या, (खोटं कशाला सांगू, मी स्वतः मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्टही काढली) पण हिमोग्लोबिन काही वर सरकेना. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी सांगितली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि उत्तर मिळालं. गहू बंद. जव बंद. आणि हे बंद म्हणजे महिना-दोन महिन्यांचं पथ्य नव्हे, जन्मभराचं.

आपल्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते. खाल्लेल्या अन्नातलं सत्त्व तिथूनच अंगात शोषलं जातं. हा आजार असलेल्या माणसाच्या पोटात गव्हातलं ग्लुटेन गेलं, की शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा बिथरते आणि आपल्याच आतड्यावर उठते. ती लव झडते, मखमलीची सतरंजी होते. मग कितीही पौष्टिक खाऊ घाला, अंगी लागत नाही. औषध काही नाही. ग्लुटेन थांबलं की लव पुन्हा उगवते, मुलं भराभर वाढीला लागतात. पण चिमूटभर पोटात जात राहिलं, तरी आतली खराबी चालूच राहते.

ग्लुटेन म्हणजे काय ते बघायचं असेल तर कणकेचा लहानसा गोळा नळाखाली धरून चोळत राहा. पांढरं पाणी निघून जातं आणि हातात च्युइंगगमसारखा चिवट लगदा उरतो. तेच ग्लुटेन. पोळी तुटत नाही, फुगते, ती याच्याच जोरावर. ज्वारीच्या पिठाचा असा लगदा होणार नाही, म्हणून तर भाकरी थापताना उकळत्या पाण्याची उकड घ्यावी लागते!

तर पोळी, ब्रेड, बिस्कीट, शेवया, शिरा, उपमा, केक या सगळ्यावर काट मारली होती. आणि तरीही चौथ्या दिवशी पोरगी पोट धरून बसली. रात्रभर जुलाब. सकाळी डोळे खोल गेलेले. भाचीनं मला एका शब्दानं विचारलं नाही, पण तिच्या चेहऱ्याकडे बघवेना.

घरात चौकशी सुरू झाली. पहिला संशय आमच्या ह्यांच्यावर, कारण ह्यांच्या खिशात कायम बिस्किटाचा पुडा. ते बिचारे दुखावले. म्हणाले, "अगं, मी तिच्यासमोर खातसुद्धा नाही." मग शेजारच्या मुलांना विचारलं. नाही. मग भाची उठून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "मावशी, रागावू नकोस, पण तू काल सार केलंस ते मला पहिल्यापासून करून दाखव."

मी दाखवायला लागले. कढईत तेल घातलं. ती म्हणाली, "हे तेल कुठलं?" परवाच्या पुऱ्या तळून उरलेलं! आपण सगळ्याच जणी तळणीचं तेल गाळून फोडणीला वापरतो. पुऱ्यांच्या पिठाचा जळका गाळ त्याच्या तळाशी. पुढे टोमॅटो शिजवून, वाटून गाळायला मी चाळण घेतली. भाचीनं ती उजेडात धरली. जाळीच्या कडेला कणीक वाळून बसलेली. मी कणीक त्याच चाळणीनं चाळते, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. आणि मग मी फोडणीत हिंग टाकला. तिनं डबी उचलली, उलटी केली आणि माझा चष्मा माझ्या हातात दिला. बारीक अक्षरात घटकांची यादी होती. डिंक, गव्हाचं पीठ, हिंग.

तीस वर्षं मी हिंग वापरतेय. हिंगात गहू असतो हे मला माहीत नव्हतं!

नंतर समजलं, की निखळ हिंग इतका उग्र असतो, की रोजच्या फोडणीला तसा वापरताच येत नाही. म्हणून बाजारातल्या बहुतेक डब्यांमध्ये हिंगाचा अंश थोडा आणि बाकी डिंक नि पीठ असतं. ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं. काही कंपन्या तांदळाचं पीठ घालतात, तो हिंग चालतो. पण हे डबी उलटी केल्याशिवाय कळणार कसं? आणि आपला हिंग कुठे जात नाही? सारात, आमटीत, कढीत, वरणात, गोड्या मसाल्यात, कांदा-लसूण चटणीत, लोणच्यात. म्हणजे ज्या पातळ पदार्थांच्या भरवशावर मी पोरीला सांभाळणार होते, गहू नेमका तिथेच लपला होता. मेतकूट तर आणखी पुढचं! त्यात डाळ-तांदळाबरोबर मूठभर गहूच भाजून दळलेले असतात, आणि आजारी माणसाला आपण पहिल्यांदा देतो मेतकूट-भातच.

त्या दिवशी दुपारी मी नवं पातेलं, नवी गाळणी आणि स्टीलची नवी पळी आणली. लाकडी पळ्या बाजूला ठेवल्या, कारण लाकडाच्या चिरांमध्ये पीठ राहतं. गोडा मसाला शेजारणीला देऊन टाकला. आणि ठरवलं, पोरीसाठी वेगळं पातेलं चढवायचं नाही. घरातलं सगळं पातळ यापुढे गव्हाशिवायच होणार. एकाच फळीवर दोन पळ्या असल्या की घाईत चुकीची पळी उचलली जाणारच, हे एक कारण. आणि दुसरं म्हणजे, ती आल्या दिवसापासून आपली वाटी हातानं झाकून जेवत होती. कुणी काही वाढू नये म्हणून. सात वर्षांचं पोर!

आता थोडं स्वयंपाकाचं बोलू.

हॉटेलवाले ज्याला स्टॉक म्हणतात, त्याला आपल्याकडे साधा सोपा शब्द आहे, पाणी. भाज्यांचं पाणी, डाळीचं पाणी, मटणाचं पाणी. सुपाची चव या पाण्यात असते. हे पाणी फिकं असलं की मग दाटपणासाठी मैदा, चवीसाठी क्यूब, रंगासाठी सॉस असली उसनवारी करावी लागते, आणि गहू येतो तो याच उसनवारीतून. पाकिटातल्या सुपात दाटपणासाठी मैदा असू शकतो, चवीसाठी माल्ट म्हणजे जवाचा अर्क असू शकतो. सोया सॉस नुसत्या सोयाबीनचा असतो असं मला वाटायचं, पण त्यात बहुधा गहूही असतो. म्हणून पाणी चांगलं काढायला शिका. बाकीचं आपोआप सुटतं.

भाज्यांच्या पाण्यासाठी मी दीड लिटर पाण्यात एक मोठा कांदा, एक गाजर, एक टोमॅटो, दुधीचा वीतभर तुकडा, लसणाच्या चार पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, पाच-सहा मिरे, एक तमालपत्र आणि कोथिंबिरीच्या काड्या घालते. काड्या टाकून देऊ नका, पानांपेक्षा त्यांनाच वास जास्त. उकळी आली की गॅस बारीक करून पाऊण तास मंद उकळू द्यायचं. घाई असेल तर कुकरला दोन शिट्ट्या आणि वर दहा मिनिटं मंद. मग गाळायचं, भाज्या पळीनं हलक्या हातानं दाबायच्या. साधारण एक लिटर सोनेरी पाणी मिळतं. मीठ आत्ता घालायचं नाही, कारण हे पाणी पुढे आटणार असतं. कोबी-फ्लॉवर घालू नका, जास्त वेळ उकळलं की घरभर वास सुटतो. बीट घातलं तर सगळ्याच सुपांचा रंग लाल. आणि थंडीत मटार सोलला की शेंगांची सालं धुऊन कुकरमध्ये शिजवा. त्यांचं पाणी इतकं गोड असतं, की नुसतं मीठ-मिरपूड घालून प्यावं. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचंही तसंच. एरवी या दोन्ही गोष्टी गाईच्या पुढ्यात जातात.

डाळीच्या पाण्यात पहिला मान कटाचा. पुरणपोळीच्या दिवशी पोरगी पोळी खाऊ शकणार नाही म्हणून भाची हळहळत होती, पण त्याच पुरणाचा कट तिला पूर्ण चालतो! हरभऱ्याची डाळ एक वाटी असेल तर पाच वाट्या पाण्यात शिजवायची, पाणी निथळून घ्यायचं, अंगाला म्हणून दोन-तीन चमचे शिजलेली डाळ घोटून त्यात मिसळायची. फोडणीला मोहरी, जिरं, कढीपत्ता, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा. भाजलेलं सुकं खोबरं आणि जिरं वाटून घालायचं, चिंच, गूळ, मीठ, तिखट. गोड्या मसाल्याशिवाय कटाची आमटी होऊच शकत नाही असं मीही म्हणत होते. ताजं वाटण असलं की कुणाला पत्ताही लागत नाही. हिंगाची उणीव लसणीनं भागते, आणि ज्यांच्याकडे सणाला लसूण चालत नाही त्यांनी जिरं थोडं वाढवावं. डाळ सोसायला जड पडेल अशी शंका असेल, तर हिंगाचं काम करायला आलं आणि ओवा आहेतच.

कुळथाचं, म्हणजे देशावरच्या हुलग्याचं कढण तर अंगात ऊब आणणारं. वाटीभर कुळीथ रात्री भिजवून सकाळी चौपट पाण्यात मऊ शिजवायचे, पाणी गाळून घ्यायचं, तुपात जिरं आणि ठेचलेली लसूण परतून त्यावर ओतायचं, दोन आमसुलं टाकायची. उरलेल्या कुळथाची उसळ. कडधान्यं मात्र ताटात पसरून निवडल्याशिवाय भिजवू नका. सुट्ट्या मालात गव्हाचे दाणे हटकून सापडतात. माझ्या सासूबाई दुपारी ओट्यावर बसून तासन् तास निवडत, तेव्हा मी मनातल्या मनात चिडायची. पाकिटातली डाळ आली नि आपण निवडणं सोडलं. आता मी पुन्हा ताट घेऊन बसते.

आमच्या कोल्हापूरकडे मटणाच्या पाण्याला अळणी म्हणतात. नाव अळणी, पण मीठ असतं हं! तिखट नसतं एवढंच. अर्धा किलो मटणाला हळद, मीठ, आलं-लसणाचं वाटण लावून, कांदा तुपात परतून, मटण त्याच्याच अंगच्या पाण्यात थोडं सुटू द्यायचं आणि मग दीड लिटर गरम पाणी घालून शिजवायचं. ते पाणी वाटीत काढून वर लिंबू पिळून पोरांना द्यायची आमच्याकडची रीतच आहे. याच अळणीत नारळाचं दूध आणि काजू, तीळ, खसखस यांचं वाटण घातलं, वेलची-लवंग-मिऱ्याची तुपातली फोडणी दिली, की पांढरा रस्सा. नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळायचं नाही, ढवळत राहायचं, नाहीतर फाटतो. इंग्रजी पद्धतीच्या पांढऱ्या सुपांना मैदा लागतो. आमच्या पांढऱ्या रश्श्यानं मैदा कधी बघितलेला नाही! आजारपणानंतर ताकद यायला हवी असेल तर बकऱ्याचे चार पाय स्वच्छ करून घ्या, दोन लिटर पाण्यात मिरे, आलं, लसूण घालून कुकरला पहिली शिट्टी झाल्यावर गॅस मंद करून दीड तास ठेवा. ते पाणी थंड झाल्यावर जेलीसारखं थरथरलं पाहिजे. तेवढं झालं की समजायचं, पायांतला सगळा कस पाण्यात उतरला.

दाटपणाचं काय, हा प्रश्न मला सगळ्याजणी विचारतात. उत्तर आहे तांदळाचं पीठ, पण त्यात एक मेख आहे. पीठ दळणार कुठे? गिरणीत आपल्याआधी कुणाचे तरी गहू पडलेले असतात आणि दगडाला, पाळ्याला, खालच्या पिशवीला त्यांचं पीठ लागलेलं असतं. गिरणीवाला भला माणूस आहे, तो म्हणाला, "वहिनी, सकाळी उघडल्या उघडल्या तुमचं दळून देतो." पण नुसत्या झाडण्यानं गिरणी गव्हापासून सुटत नाही. ज्वारी, नाचणी, बेसन, सगळ्यांची हीच गत. ज्यांना परवडेल त्यांनी घरघंटी घ्यावी आणि तिच्यात आयुष्यात गहू टाकू नये. मला एवढी घंटी घेणं शक्य नव्हतं, म्हणून मी पीठच सोडलं.

चार कप सुपासाठी दोन चमचे तांदूळ दोन तास भिजवते आणि भाज्यांच्या पाण्यातच मिक्सरवर गंधासारखे वाटते. सुपात सोडून पाच मिनिटं उकळलं की कच्चट चव जाते आणि सूप छान मिळून येतं. तांदूळ भिजवायचं विसरले तर सकाळचा उरलेला भात दोन चमचे, तोही वाटून. लाल भोपळ्याला, बटाट्याला, मूगडाळीला तर काहीच लागत नाही, ते स्वतःच दाट. पालकाच्या सुपात चमचाभर शिजलेली मूगडाळ घालून बघा. टोमॅटोत अर्धं गाजर आणि भोपळ्याची फोड घातली तर साखर घालावी लागत नाही. नाचणी मी भिजवून, मोड आणून, वाटून, फडक्यातून तिचं दूध काढते. चार कपाला पाव वाटी दूध, आणि सात-आठ मिनिटं हात न थांबवता ढवळायचं, नाहीतर तळाला धरते. आरारूट चालतं, पण ते थंड पाण्यात कालवून अगदी शेवटी घालायचं, फार उकळलं की पुन्हा पातळ होतं. कॉर्नफ्लॉवर मक्याचं असतं, तेही चालतं, फक्त सुटं घेऊ नका, पाकिटाचं घ्या आणि पाकीट वाचा. २०२० च्या लेबलच्या नियमांप्रमाणे गहू, जव असे ग्लुटेनचे पदार्थ आत असतील तर तसं पाकिटावर वेगळं लिहावं लागतं. आणि ज्यावर ग्लुटेन-फ्री छापलंय, त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. किलोभर पिठात २० मिलिग्रॅम म्हणजे किती, याचा विचार केला की चाळणीच्या जाळीतली ती वाळलेली कणीक मला डोंगराएवढी वाटते.

खपली गहू चालतो का, असं हमखास कुणीतरी विचारतं. नाही. खपली हाही गहूच, ग्लुटेन त्यातही आहे. आपल्याकडचं सातूचं पीठही नाही, त्यात गहू नाहीतर जव असतोच. उपवासाचे वरी, राजगिरा, साबुदाणा चालतात, म्हणजे चतुर्थीला आमची नात सगळ्यांच्या बरोबरीनं जेवली, वाटी न झाकता.

पाणी एकदम जास्त करून ठेवायचं असेल तर पातेलं परातीतल्या गार पाण्यात ठेवून भराभर निववा आणि फ्रीजमध्ये घाला, दोन दिवस टिकतं. फ्रीजरला बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून खडे करा, हवे तेवढे काढता येतात. मात्र आमच्यासारखी तुमच्याकडेही वीज तासन् तास जात असेल तर फार साठवू नका. वितळलेलं पाणी परत गोठवून वापरण्यापेक्षा ताजं केलेलं परवडतं.

एका संध्याकाळी सूप ढवळता ढवळता मी भाचीला विचारलं, "पण गव्हानं हे होतं, हे मुळात कळलं कसं गं कुणाला?" तिच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. हॉलंडमध्ये डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. या आजाराच्या मुलांना गहू सोसत नाही अशी शंका त्यांना १९३० च्या दशकापासूनच होती. पुढे महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली. पाव मिळेना, लोक ट्युलिपचे कंद उकडून खात होते. आणि अशा दिवसांत ही आजारी मुलं मात्र सुधारली. युद्ध संपून पाव परत आला, तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये डिकेंनी हे सगळं प्रबंधात मांडलं. मला ते ऐकून काय वाटलं सांगू? त्या आयांचं काय झालं असेल! एवढ्या उपाशी दिवसांनंतर कौतुकानं पोराच्या हातात पाव दिला असेल…

मी सार दिलं होतं तसाच.

मैत्रिणींनो, एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. हे वाचून आपल्या मनानं पोरांचा गहू बंद करू नका. तपासणीच्या आधी गहू सोडला तर रक्तात काही सापडत नाही आणि खरा आजार निसटून जातो. आधी तपासणी, मग पथ्य. आणि बारीक व्हायला म्हणून ग्लुटेन-फ्रीचं जे खूळ आलंय, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. त्या महागड्या पाकिटांचंही मला कौतुक नाही. ज्याला गहू पचतो त्यानं खुशाल गरम पोळी तूप लावून खावी.

पण ज्या घरात एकाला हा आजार निघतो, तिथे आईवडील आणि भावंडांचीही तपासणी करायची असते. आमच्या भाचीनं स्वतःची करायचं टाळलं होतं. "मला काय धाड भरलीये," म्हणत होती. लग्नाआधीपासून तिचं हिमोग्लोबिन नऊच्या वर कधी गेलं नाही. दोन बाळंतपणं तशीच झाली, मधलं एक मूल राहिलं नाही. बायकांचं रक्त कमीच असायचं, असं आम्ही सगळ्याच म्हणत आलो. मीच म्हटलंय तिला, कितीतरी वेळा, खजूर खा म्हणून. या वेळी मी हट्टच धरला. तिची तपासणी झाली आणि तीही निघाली. उत्तर भारतात, जिथे तिन्ही त्रिकाळ गहू, तिथे शंभरात जवळपास एकाला हा आजार सापडलाय. आपल्याकडे भाकरी-भात खाणाऱ्यांत कुणाच्या तो मनातही येत नाही. लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊनही ज्यांचं रक्त वाढत नाही, त्यांनी डॉक्टरांना एकदा या तपासणीबद्दल विचारायला काय हरकत आहे?

भाची त्या रात्री खूप रडली. मग म्हणाली, "बरं झालं मावशी. आता तिला एकटीला वेगळं खावं लागणार नाही."

मेच्या शेवटी नात्यात लग्न होतं. मांडवात मंचाव सूप, त्यात सोया सॉस, वर तळलेल्या नूडल्स, शेजारी टोमॅटो सूप आणि ब्रेडचे तुकडे. आम्ही थर्मासमधून भोपळ्याचं सूप नेलं होतं. विहीणबाईंनी विचारलं, "एवढंसं घेतलं तर काय होतंय? शुभकार्य आहे." आधीची मी असते तर गप्प बसले असते, नाहीतर हसून वेळ मारून नेली असती. मी सांगितलं, काय होतं ते. सगळं सांगितलं, चाळणीसकट. त्या ऐकत राहिल्या आणि मग हळूच त्यांच्या धाकट्या सुनेकडे बघून म्हणाल्या, "हिच्या पोराचंही पोट सारखं फुगलेलं असतं."

जायच्या आदल्या दिवशी नातीला घेऊन वाण्याकडे गेले. हिंग घ्यायचा होता, हिंगाशिवाय महिना काढून ह्यांचं तोंड उतरलं होतं. वाण्यानं चार कंपन्यांच्या डब्या समोर ठेवल्या. मी पिशवीत चष्मा शोधत होते, तोवर नातीनं पहिली डबी उलटी केली होती. दुसरीत गेली यंदा, इंग्लिश मीडियम. बोट ठेवून स्पेलिंग वाचत होती. "डब्ल्यू, एच, ई… नको." डबी बाजूला. दुसरी, तीच गत. तिसरीवर बोट सरकत सरकत थांबलं. "आर, आय, सी, ई." तिनं पुन्हा एकदा सगळी यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग डबी माझ्या हातात दिली.

"हा घे, आजी. हा आजोबांना पण चालेल."